मदत हवी आहे: जुना जिलेट स्लिम ॲडजस्टेबल रेझर ऑनलाइन घ्यावा का?

मंडळी, डोक्याच्या खालच्या बाजूला 'एच' आणि '२' आहे, म्हणजे १९६२ ची दुसरी तिमाही. विक्रेता बाहेरगावचा, पार्सल धुळ्याला यायचं, माल परत घेत नाही. फोटो तीनच, तेही ब्लेड घालायची वरची दारं बंद असलेले. वर्णनात 'चालू स्थितीत' लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही.

मी मागितलंय ते असं: दारं पूर्ण उघडी असलेला फोटो, ब्लेड बसवून समोरून एक, आणि ब्लेडची फट कमी-जास्त करणारा आकडा १ ते ९ फिरवतानाचा व्हिडिओ. ब्लेडची कड एका बाजूला जास्त डोकावत असेल तर रेझर कधीतरी पडलेला असू शकतो. वाकलेलं दार घरी सरळ करणं अवघड. हिरवट थर निघतो. वरचा निकेलचा मुलामा उडून पितळ दिसायला लागलं तर मात्र पुन्हा प्लेटिंगच. आणखी काय मागू?

दुसरं, आकड्याची कडी अडकलेली निघाली तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण, अर्धा तास, मग मऊ टूथब्रश. पकड लावायची नाही हे माहीत आहे. पण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसला तर पातळ व्हिनेगर किती मिनिटं चालेल? जास्त ठेवलं तर निकेल खराब होतं.

आणि भाऊ, खरं दुखणं हेच: या तारखेच्या खुणांमुळे एकाच मॉडेलच्या चारही तिमाह्या जमवायची खोड लागते. वापरायला एकच पुरतो. तुम्ही हात कुठे आवरता? महिन्याचं बजेट, की 'एक विकल्याशिवाय दुसरा नाही'?