‘तारू’ की ‘जहाज’, ‘दाखला’ की ‘बोधकथा’: मुलांचे बायबल निवडताना

प्रश्न: सात वर्षांच्या भाचीसाठी बायबल घ्यायचे आहे. काही पुस्तकांवर ‘बालबायबल’ असे लिहिलेले असते, तर काहींवर ‘मुलांसाठी बायबल’. या नावांच्या अर्थांत फरक आहे का? शिवाय महापुरातून नोहा ज्यात वाचला, ते एका पुस्तकात ‘तारू’ आहे, तर दुसऱ्यात ‘मोठे जहाज’. येशूने शिकवताना सांगितलेल्या गोष्टीला एकात ‘दाखला’ म्हटले आहे, तर दुसऱ्यात ‘बोधकथा’. सोप्या शब्दांचे पुस्तक घेणे योग्य ठरेल का?

उत्तर: ‘बालबायबल’ हा शब्द बहुधा निवडक गोष्टी नव्याने सांगणाऱ्या सचित्र पुस्तकासाठी वापरतात. ‘मुलांसाठी बायबल’ असे मात्र कधी गोष्टींच्या पुस्तकाला म्हणतात, तर कधी सोप्या भाषेतील संपूर्ण बायबलला. म्हणून आत अध्याय आणि वचनांचे क्रमांक आहेत का, ते पाहावे. संपूर्ण बायबल घ्यायचे असल्यास प्रोटेस्टंट परंपरेत ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके असतात, हेही ध्यानात ठेवावे. सात वर्षांच्या मुलीला गोष्टींचे पुस्तकच द्यावे, असे मला वाटते.

आपला खरा प्रश्न शब्दांचा आहे, आणि तेथे माझे मत आपल्याहून वेगळे आहे. वाक्ये सोपी असावीत, परंतु मूळचे महत्त्वाचे शब्द राहू द्यावेत. ‘तारू’ हा शब्द तरणे, तारणे, तारक आणि तारण या शब्दांच्या कुळातला आहे. जी मुलगी लहानपणी नोहाचे ‘तारू’ ऐकते, तिला पुढे ‘तारणारा येशू’ हे शब्द भेटतात तेव्हा त्यांचे नाते कोणी न सांगताही कानाला जाणवते. ‘जहाज’ म्हटले की हा धागा तुटतो. ‘तारवात’ या रूपाशी मूल एकदा अडखळेल, पण ते रूप मोठ्याने वाचून दाखवले की पुरते.

‘दाखला’ या शब्दाविषयी माझा आग्रह अधिक आहे. मुलाला शाळेचा दाखला ठाऊक असतो, म्हणून प्रथम घोटाळा होईल हे खरे. पण ‘उदाहरणादाखल’ या शब्दातून अर्थ सहज समजावता येतो. ‘बोधकथा’ म्हटले की शेवटी तात्पर्य आलेच पाहिजे, अशी अपेक्षा तयार होते, आणि अनेक पुस्तकांत ते चौकटीत छापलेलेही असते. येशूचे दाखले पुष्कळदा ऐकणाऱ्यावर प्रश्न सोपवतात. ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या शास्त्र्याला, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या जाणकाराला, तो चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगतो: वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून दोघे पुढे निघून जातात, आणि तिसरा, परका मानला गेलेला शोमरोन प्रांताचा माणूस, त्याला मदत करतो. मग त्या तिघांपैकी जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असे येशू उलट विचारतो. ‘कोण आहे’ याचे ‘कोण झाला’ होणे, यातच त्या दाखल्याचा जीव आहे. जे पुस्तक हा प्रश्न गाळून ‘नेहमी इतरांना मदत करावी’ एवढेच लिहिते, ते मी मुलाच्या हाती देणार नाही, मग चित्रे कितीही सुंदर असोत.

चित्रांचीही एक कसोटी आहे. एदेन बागेतले फळ सफरचंद होते, असे बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही नाही. तेथे केवळ ‘फळ’ आहे. योना या संदेष्ट्याला गिळणाराही केवळ ‘मोठा मासा’ आहे, चित्रांत दिसतो तो देवमासा नव्हे. पुस्तक येथे मूळ मजकुराशी प्रामाणिक असेल, तर इतरत्रही काळजी घेतलेली असण्याचा संभव अधिक.

पुन्हा प्रश्न: ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी ठेवलेली वस्तू, असा अर्थ भाचीने घरात ऐकला आहे. तेथे काय करावे?

उत्तर: दोन्ही अर्थ तिला सांगावेत. ‘तारण ठेवणे’ हा व्यवहारातला प्रयोग आहे, तर ‘तारण होणे’ म्हणजे बुडणाऱ्याला पैलतीरी पोहोचवले जाणे. सोबतचे क्रियापद बदलले की अर्थ बदलतो, हे सात वर्षांच्या मुलीला नीट समजते. याच रीतीने ‘शुभवर्तमान’ही सांगता येईल: वर्तमानपत्रातले ‘वर्तमान’ म्हणजे बातमी, आणि ही शुभ बातमी. खरेदीपूर्वी या शब्दांची पाने उघडून तिला मोठ्याने वाचून दाखवावीत आणि ती कोणता प्रश्न विचारते, ते ऐकावे.