मदत हवी आहे: अणू आणि पेशी यांतला गोंधळ लेकीला कसा समजावू? (इयत्ता सातवी)

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे, विज्ञानाची चाचणी तोंडावर आलीय आणि मी पडले वाणिज्य शाखेची. तिच्या व्याख्या पाठ आहेत. अणू विचारा, रेणू विचारा, पेशी विचारा, धडाधड म्हणून दाखवते. काल सहज विचारलं, "दगड कशाचा बनलाय?" तर म्हणे, "पेशींचा. फक्त त्या मेलेल्या असतात." कशावरून, तर "पेशी हा सगळ्यात लहान घटक ना, मग दगडातही असणारच!"

खोदून विचारल्यावर कळलं, बाईसाहेबांच्या लेखी अणू आणि पेशी थोड्याफार फरकाने एकच. दोन्हींना केंद्रक, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन्ही शिकवताना विटांच्या भिंतीचंच उदाहरण. तिचं चुकतंय एवढं कळतं, पण नेमकं बोट कुठे ठेवू? शिवाय उजेड हे द्रव्य आहे की नाही यावर आमचं दोघींचं एकमत होत नाहीये, तेही सांगा.

प्रतिसाद १

उजेडाचं आधी उरकते. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. हवा द्रव्यात येते. उजेड, उष्णता, आवाज ही ऊर्जेची रूपं, ती द्रव्यात येत नाहीत.

आता विटा. अणू म्हणजे वीट आणि पेशी म्हणजेही वीट, असं दोनदा ऐकल्यावर मूल दोन्ही विटा एकाच मापाच्या धरणारच. ते उदाहरण सध्या बाजूला ठेवा आणि तिच्या कंपासमधली पट्टी काढा. त्यातला एक मिलिमीटर दाखवा. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे त्या एका मिलिमीटरमध्ये ओळीने सव्वाशे-दीडशे पेशी बसतील. अणूचा व्यास साधारण ०.१ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचाही हजारावा भाग). तेवढ्याच जागेत अणू बसतील एक कोटी! भागाकार तिलाच करू द्या, शून्यं मोजताना डोळे विस्फारतात.

प्रतिसाद २

वरचा पट्टीचा उपाय झकास, पण दगडाचा प्रश्न त्याने सुटत नाही. मी हा विषय शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, मुलं मनात एक जिना बांधतात: अणू, मग रेणू, मग पेशी, मग वस्तू. प्रत्येक वस्तू या सगळ्या पायऱ्या चढूनच तयार होते असं त्यांना वाटतं. तसं नाही. बहुतेक खडकांत सिलिकॉन, ऑक्सिजन वगैरेंचे अणू एकमेकांना जोडलेले असतात, त्यांचे स्फटिक बनतात, बास. तिथे पेशीचा संबंधच येत नाही. (रेणूची पायरीही सगळीकडे नसते. मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, रचलेले असतात, सुटा असा रेणू त्यात नाही. पण हे सातवीला नको.)

पेशी ओळखायची ती कामावरून. तिला पटल, म्हणजे पातळ आवरण असतं, काय आत घ्यायचं नि काय बाहेर टाकायचं ते त्यावर ठरतं. ती अन्नातून ऊर्जा मिळवते, एकीच्या दोन होते. अणू यातलं काहीच करत नाही. कोळशातला कार्बनचा अणू आणि तुमच्या गालाच्या पेशीतला कार्बनचा अणू यांत काडीचाही फरक नाही. तेव्हा लेकीला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: हे कशाचं बनलंय? आणि हे काय करतं? दगड पहिल्याचं उत्तर देतो, दुसऱ्याला गप्प.

केंद्रकाचं म्हणाल तर नाव तेवढं सारखं. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारे धागे. पेशीच्या एका केंद्रकात अब्जावधी अणू असतात आणि त्या प्रत्येक अणूला स्वतःचं केंद्रक! वर्गात हे सांगितलं की हमखास हशा पिकतो, मग पुन्हा गोंधळ होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी लागू पडली, "दोन प्रश्न" त्याहून जास्त. पण आता नवीनच: "मग लाकडी टेबलात पेशी आहेत का? टेबल तर निर्जीव आहे." मी चहा टाकायला उठले.

प्रतिसाद २

शाबासकी द्या पोरीला, प्रश्न फर्मास आहे. आहेत, पण नुसत्या पेशीभित्तिका. लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या पेशी झाड उभं असतानाच मरतात. आतलं पेशीद्रव्य नाहीसं होतं, सेल्युलोज आणि लिग्निनच्या भिंती तेवढ्या उरतात आणि त्या पोकळ नळ्यांतूनच पाणी वर चढतं. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात ज्या पेशी पाहिल्याचं लिहिलं, त्याही अशाच रिकाम्या खोल्या होत्या. म्हणजे "मेलेल्या पेशी" ही तिची कल्पना लाकडाला चालेल. दगडाला नाही, कारण तो कधी जिवंत नव्हता. (चुनखडीत शंखशिंपल्यांचे अवशेष सापडतात, पण तो विषय चाचणी झाल्यावर काढा.)

प्रतिसाद ३

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड बघायला सांगा. आयोडीनचा एक थेंब टाकला की विटकरी-पिवळट लांबट पेशी आणि प्रत्येकीत गडद ठिपका, ते केंद्रक. अणू मात्र त्यातून कितीही भिंग वाढवलं तरी दिसायचा नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर, अणूच्या हजारो पट.

आणि आकृती काढताना त्या पेशीत हरितलवकं (पानांना हिरवा रंग देणारे पेशीतले भाग) रंगवू देऊ नका. कांद्याच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात ती नसतात, निम्मी मुलं काढतात आणि गुण घालवतात.