मोटारीतून किंवा दुचाकीवरून परवान्याचे रिव्हॉल्व्हर नेताना

सराफकट्टा:
माझा सांगलीत सराफीचा व्यवसाय असून स्वसंरक्षणासाठी पॉइंट ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. त्यावर क्षेत्र म्हणून 'महाराष्ट्र राज्य' अशी नोंद आहे. मालाच्या निमित्ताने कधी मोटारीने, तर कधी मोटारसायकलने कोल्हापूरला आणि पुढे बेळगावलाही जावे लागते. शस्त्र डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेले चालते का? शिवाय ते कपड्यांखाली झाकलेले असेल, तर 'लपवून नेले' असा ठपका येईल का?

घाटमाथा:
ठपका येणार नाही. उलट झाकूनच नेले पाहिजे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्र ठेवण्याच्या म्यानात) किंवा पिशवीत असावे, ते पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा राहावा, अशी अपेक्षा आहे. कमरेला दिसेल असे लावून फिरण्याची हौस आपल्याकडे बऱ्याच जणांना असते, पण ती परवान्यावर बेतू शकते. डॅशबोर्डचा कप्पा या वर्णनात बसत नाही, आणि मोटार उभी करून तुम्ही जेवायला उतरलात की ताबाही संपतो. माझ्या मते रिव्हॉल्व्हर अंगावरच ठेवावे.

कृष्णाकाठ:
बेळगावचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर कागलच्या पुढे कर्नाटकची हद्द लागताच तुमच्याकडील शस्त्राला परवान्याचे संरक्षण राहत नाही, मग ते कितीही नीट झाकलेले असो. परवान्याच्या अटींचा साधा भंगही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली शिक्षेस पात्र आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम १९ प्रमाणे पोलीस परवाना दाखवण्यास सांगू शकतात. म्हणून मूळ परवाना सोबत असू द्यावा.

सराफकट्टा:
दोघांचेही आभार. मोटारसायकलवर पाठीवरची सॅक चालेल का? आणि बेळगावसाठी काय करावे?

घाटमाथा:
नियमात पिशवी चालते, त्यामुळे सॅक वापरता येईल. मात्र पाठीमागची चेन गर्दीत कोणीही उघडू शकतो, म्हणून मी जॅकेटखालचे होल्स्टर पसंत करीन. डिकीत ठेवणे टाळावे. वाटेत जत्रा, मिरवणूक, सभा किंवा महाविद्यालयाचे आवार असेल, तर तेथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे, शस्त्र बाळगण्यास बंदी घालणारे मनाई आदेश लागू आहेत का, हे निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारावे. निवडणुकीच्या काळात तर शस्त्र जमा करण्याचा आदेशही येऊ शकतो.

कृष्णाकाठ:
बेळगावसाठी ज्या कार्यालयाने परवाना दिला तेथेच क्षेत्रवाढीचा अर्ज करा आणि व्यवसायाच्या फेऱ्यांचे पुरावे जोडा. नवी नोंद परवान्यावर येईपर्यंत सीमेपलीकडच्या फेरीला शस्त्र घरी, कुलूपबंद कपाटात ठेवा.