मदत हवी आहे: तोंडाच्या कॅन्सरमध्ये जास्त दुखतंय म्हणजे तो पसरलाय का?

माझ्या काकांच्या जिभेच्या उजव्या कडेला जखम होती, बरीच होईना. बायॉप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. गप्प बसले की त्रास कमी, पण घास घेतला किंवा फोनवर दोन वाक्यं बोलले की कळ थेट कानात जाते. कान तपासला, तिथे काही नाही. काकू वरणभात मिक्सरमधून काढून देते. जखम नखाएवढी आणि दुखणं हे एवढं! उलट शेजारच्या एकांची गालातली गाठ चांगली मोठी होईपर्यंत दुखलीच नव्हती.

इतकं दुखणं म्हणजे मानेत पसरलाय का? सीटीत मानेत गाठी नाहीत, तरी सर्जन मानेचंही ऑपरेशन करायचं म्हणतात, ते कशाला? आणि काका गोळ्या घेत नाहीत. म्हणतात, "दुखणं दाबलं तर वाढतंय हे कळणार कसं?"

प्रतिसाद

मी पॅथॉलॉजीत आहे. रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

जिभेची आणि कानापुढच्या भागाची संवेदना ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या नसेच्या एकाच फांदीतून जाते, म्हणून मेंदू जागा चुकतो. नुसत्या कानातल्या कळेवरून पसरल्याचं ठरत नाही.

दुखणं आणि पसरणं यांचा संबंध मात्र खरा आहे. ट्यूमरच्या पेशी एंडोथेलिन, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, काही प्रोटिएज अशी रसायनं सोडतात. त्याने नसांची टोकं इतकी हळवी होतात की जीभ नुसती हलली तरी दुखतं. यातला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नसांना वाढायलाही लावतो, आणि कॅन्सरच्या पेशी नसेच्या आवरणालगत पुढे सरकतात. तेच पेरिन्यूरल इन्व्हेजन. नसाही गप्प बसत नाहीत: पी५३ हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं जनुक निकामी झालेले ट्यूमर आसपासच्या संवेदी नसांचा स्वभावच बदलतात आणि त्या बदललेल्या नसा ट्यूमरच्या वाढीला हातभार लावतात, असं 2020 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. मानेत पसरलेल्या रुग्णांना सरासरीने जास्त दुखतं, असंही आढळलंय. पण ही सरासरी झाली. न दुखणारी गाठही पसरलेली असू शकते; तुमच्या शेजाऱ्यांची गाठ न दुखताच मोठी झाली ना.

मानेचं म्हणाल तर टाटा मेमोरियलचा 2015 चा अभ्यास वाचा. सुरुवातीच्या टप्प्यात, मानेत गाठ लागत नसतानाही आधीच मान साफ केलेल्यांपैकी (म्हणजे मानेतल्या लिम्फ गाठी काढलेल्यांपैकी) 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. सूक्ष्म पसरणं सीटीत दिसत नाही.

गोळ्या घेऊ द्या, फक्त कोणत्या ते डॉक्टरांना विचारून, कारण काहींनी ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढतो. कॅन्सर किती पसरलाय ते स्कॅन आणि पॅथॉलॉजीवर ठरतं, काकांच्या सोसण्यावर नाही. न जेवता वजन घटलं तर ऑपरेशन आणखी जड जाईल. नंतरच्या रिपोर्टात ट्यूमर किती खोल गेलाय ते, पेरिन्यूरल इन्व्हेजन आणि मानेच्या गाठी बघा. रेडिएशनचा निर्णय बराचसा त्यावर होतो.

जिभेला बधिरपणा आहे का? मला कळेपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते.

धागाकर्ता

आत्ताच विचारलं. चहा गरम आहे की कोमट ते उजवीकडे कळत नाही म्हणाले. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं!

प्रतिसाद

मग सर्जनना आजच फोन करून सांगा आणि एमआरआयचं विचारा. नसेच्या कडेने गेलेलं सीटीपेक्षा त्यात बरं दिसतं.