१७५६ चे क्वेकर राजीनामे: तत्त्वनिष्ठा की हात झटकणं?

आडवाटेचा (धागाकर्ता)

१६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाने विल्यम पेन या क्वेकर माणसाला अमेरिकेत आख्खा प्रांत लिहून दिला. क्वेकर हा ख्रिश्चनांमधला छोटा पंथ. यांच्यात पगारी पाद्री नाही, कोर्टात शपथ घ्यायची नाही, बड्या माणसापुढे टोपी काढायची नाही आणि शस्त्र उचलायचं नाही. अशा लोकांनी पेनसिल्व्हेनियाची असेम्ब्ली (प्रांताचं विधिमंडळ) जवळजवळ पाऊणशे वर्षं चालवली. मग जून १७५६ मध्ये, फ्रेंचांशी युद्ध चालू असून सरहद्दीवर इंडियनांच्या (अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या) हल्ल्यांत माणसं कापली जात असताना, जेम्स पेम्बर्टनसह सहा सदस्य राजीनामा देऊन घरी गेले. याचं 'सत्तेपेक्षा सदसद्विवेक मोठा' असं कौतुक होतं. मला ते अजिबात पटत नाही.

कारण तोवर यांनी युद्धाला पैसे दिलेच होते. १७११ मध्ये कॅनडावरच्या स्वारीसाठी मागणी आली, तेव्हा दोन हजार पौंड मंजूर झाले, 'राणीच्या कामासाठी'. राणी त्याचं काय करते ते आपण बघायचं नाही! पुढचा किस्सा बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात मिटक्या मारत सांगितलाय. न्यू इंग्लंडला बंदुकीची दारू हवी होती. असेम्ब्लीने पैसे दिले ते पाव, पीठ, गहू 'किंवा इतर धान्य' घ्यायला. गव्हर्नर म्हणाला, मला अर्थ कळला, इतर धान्य म्हणजे दारू. त्याने ती घेतली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. नोव्हेंबर १७५५ मध्ये तर याच असेम्ब्लीने साठ हजार पौंड दिले.

सोवळं आधीच मोडलं होतं. पंगतीतून उठायचंच होतं तर पहिल्या वाढपाला उठायचं.

सांगलीकर

पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून राहवलं नाही.

मधले सहा महिने तुम्ही गाळलेत. एप्रिल १७५६ मध्ये गव्हर्नर मॉरिसने डेलावेअर (लेनापे) या इंडियन लोकांविरुद्ध युद्ध पुकारलं आणि बक्षिसं जाहीर केली. बारा वर्षांवरच्या पुरुषाच्या डोक्याची केसांसकट सोललेली कातडी आणली तर १३० स्पॅनिश डॉलर. बाईची आणली तर ५०. पैसे देऊन डोळे मिटणं वेगळं आणि आपलंच सरकार बायकांच्या कातडीचा दर ठरवतंय, त्याच्या हिशेबाला मान डोलावणं वेगळं. याला 'अचानक जाग आली' म्हणणं अन्याय आहे.

आणि घरी जाऊन ते स्वस्थ बसले नाहीत. जेम्सचा भाऊ इस्राएल पेम्बर्टन याने त्याच वर्षी वर्गणी काढून शांततेसाठी संस्था उभी केली, ईस्टन गावच्या वाटाघाटींत लेनापेंचा पुढारी टीडिउस्कंग याच्या पाठीशी उभा राहिला आणि १७३७ चा जमिनीचा घोटाळा चव्हाट्यावर आणला.

तो घोटाळा असा. पेनच्या मुलांनी एक जुना कागद काढला: 'माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन' विकलेली आहे. लेनापेंना वाटलं, नदीकाठाने गप्पा मारत, मध्ये बसत-उठत चालणार. पेनच्या लोकांनी आधी झाडी तोडून वाट केली आणि तीन तगडे गडी पैसे देऊन आणले. दोघं वाटेत गळाले, एडवर्ड मार्शल एकटा शेवटपर्यंत गेला. वर डेलावेअर नदीकडे रेघ ओढताना सरळ न ओढता तिरकी ओढली. सुमारे बारा लाख एकर गेले. चाल सुरू झाली त्या राइट्सटाउनला दगड आहे, आणि तो उभा आहे क्वेकरांच्याच प्रार्थनागृहापाशी.

खवचट

दगड योग्य जागी आहे म्हणायचा. हा सगळा कारभार पेनच्या मुलांसाठी हाताळणारा जेम्स लोगन कोण होता? क्वेकर! इस्राएलरावांनी घोटाळा बाहेर काढला तो पेन घराण्याशी राजकीय वैर होतं म्हणूनही. पुण्याचं काम आणि विरोधकाची जिरवणं एकाच खर्चात.

गावशीव

सरहद्दीवरच्या कम्बरलँड जिल्ह्यातल्या स्कॉच-आयरिश (आयर्लंडहून आलेल्या स्कॉटिश वंशाच्या) शेतकऱ्याच्या जागी बसून बघा. असेम्ब्लीत ३६ जागा. त्यातल्या २६ फिलाडेल्फिया शहर आणि पूर्वेकडच्या तीन जुन्या जिल्ह्यांना, सरहद्दीवरच्या पाच जिल्ह्यांना मिळून १०. घरं जळत होती ती या पाचांत. अहिंसा तुमची आणि मरायचं आम्ही, असं त्यांना वाटलं तर काय चुकलं?

रेवाकाठ

@गावशीव, जागावाटपाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याच रागातून डिसेंबर १७६३ मध्ये काय झालं तेही लिहा. पॅक्स्टनच्या गोऱ्या सरहद्दवासीयांच्या टोळीने कॉनेस्टोगा इंडियनांची वस्ती गाठली. हे लोक कुणाशी लढत नव्हते, पेनच्या काळापासून शेजारी राहत होते. आधी सहा जण मारले. उरलेल्या चौदांना संरक्षण म्हणून लँकेस्टरच्या सरकारी इमारतीत ठेवलं होतं. दोन आठवड्यांत टोळी तिथे घुसली आणि मुलाबाळांसकट सगळ्यांना कापलं.

फेब्रुवारीत जमाव फिलाडेल्फियाकडे निघाला, तेव्हा शहरात आसऱ्याला आलेल्या इंडियनांना वाचवायला क्वेकरांच्या तरुण पोरांनी बंदुका घेतल्या. पाऊस होता म्हणून हत्यारबंद लोक थांबले ते प्रार्थनागृहात. पंथाच्या वडीलधाऱ्यांनी नंतर या पोरांना बरीच वर्षं समजावण्यात घालवली. मला त्या पोरांचंच जास्त पटतं.

अण्णा_७०

गांधीजींनी काश्मीरला सैन्य पाठवायला विरोध केला नव्हता, तेव्हा...

खवचट

अण्णा, त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे तुम्हीच आघाडीवर असता.

रेवाकाठ

खरी घसरण बघायची तर १७१८ मध्ये बघा, १७५६ राहू द्या. पेनने १६८२ मध्ये केलेले कायदे त्या काळाच्या मानाने अचाट होते. इंग्लंडात किरकोळ चोरीलाही फास, इथे फाशी जवळजवळ फक्त खुनाला. पण क्वेकर शपथ घेत नाहीत, त्यामुळे साक्ष, ज्युरी, सरकारी पदं सगळंच अडायचं. तेव्हा तडजोड झाली: शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगण्याची मुभा घ्या, बदल्यात इंग्लंडचे फौजदारी कायदे घ्या. फाशीचे गुन्हे एकदम डझनभर झाले. स्वतःची जीभ स्वच्छ ठेवायला दुसऱ्याची मान दिली. यावर धागा निघत नाही, कारण यात कोणी राजीनामा दिला नाही.

आडवाटेचा

@रेवाकाठ, हे सोन्यासारखं उदाहरण आहे आणि माझ्याच बाजूचं आहे, घेतो.

@सांगलीकर, राजीनाम्यामागे नुसता सदसद्विवेक नव्हता. लंडनमध्ये संसद सगळ्या असेम्ब्ली सदस्यांना शपथ सक्तीची करून क्वेकरांना कायमचं बाहेर काढायच्या बेतात होती. तिथल्या वजनदार क्वेकरांनी मध्ये पडून सौदा केला: कायदा करू नका, युद्ध चालू आहे तोवर आम्हीच आमच्या माणसांना बाजूला व्हायला सांगतो. ऑक्टोबरमध्ये लंडनहून दोन माणसं खास त्यासाठी आली आणि आणखी चौघं बाहेर पडले. आणि सगळे गेलेच कुठे? सभापती आयझॅक नॉरिस क्वेकर, तो १७६४ पर्यंत खुर्चीत होता.

सांगलीकर

सौदा झाला हे खरं. पण बाहेर पडल्यावर या पंथाने घर झाडायला घेतलं, हेही खरं. १७५८ च्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कामकाजातून बाजूला केलं. १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला पंथातच जागा नाही, असं ठरलं. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी हेच लिहून दिलं होतं, तेव्हा कागद या सभेकडून त्या सभेकडे फिरला आणि विरला. सत्तेत असताना सत्तर वर्षं जे जमलं नाही ते बाहेर पडून वीस वर्षांत जमलं.

खवचट

आणि पेनसिल्व्हेनियाचा गुलामगिरी हळूहळू संपवणारा १७८० चा कायदा पुढे रेटला तो जॉर्ज ब्रायन नावाच्या प्रेस्बिटेरियनाने (हा दुसरा ख्रिश्चन पंथ). कायदा करायला शेवटी असेम्ब्लीत कोणीतरी बसावंच लागतं.

गावशीव

राहून काय करता येतं त्यासाठी ऱ्होड आयलंड ही दुसरी इंग्रज वसाहत बघा. तिथे १६७० च्या दशकात क्वेकर गव्हर्नर होते. १६७३ मध्ये त्यांनी कायदा केला की ज्याचं मन मानत नाही त्याला लढायची सक्ती नाही. दोन वर्षांनी मेटाकॉम या इंडियन पुढाऱ्याशी युद्ध पेटायच्या बेतात होतं, तेव्हा डेप्युटी गव्हर्नर जॉन ईस्टन हा क्वेकर शस्त्राशिवाय त्याला भेटायला गेला. म्हणाला, लवाद नेमू: एक तुमच्यातला राजा, एक न्यूयॉर्कचा गव्हर्नर. आठवड्याभरात युद्ध पेटलंच. पण भेटायला जाणारा माणूस सरकारातला होता.

आडवाटेचा

हेच म्हणतोय. ईस्टन मला चालेल. पेम्बर्टनने असेम्ब्लीत बसून त्या बक्षिसांविरुद्ध बोंब मारायला हवी होती.

सांगलीकर

मॉरिसने असेम्ब्लीला विचारलं कुठे होतं? युद्धाचा निर्णय गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलचा. त्या कौन्सिलमध्ये एक क्वेकर बसला होता, विल्यम लोगन, वर आलेल्या जेम्स लोगनचा मुलगा. त्याने विरोध केला, एकट्याने. जाहीरनामा ठरल्याप्रमाणे निघाला.