मॉन्ट्रियल: कॉन्डोत उन्हाळी टायर ठेवायचे कुठे?

मंडळी, मदत हवी आहे. क्वीबेकमध्ये (कॅनडातला आमचा प्रांत) १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे. म्हणजे काढलेले चार टायर तोवर सांभाळायचे (खरं तर एप्रिलपर्यंत, मार्चमधल्या बर्फाचा भरवसा कोण धरतो!). आमच्या कॉन्डोत (म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये) बाल्कनी आणि पार्किंगच्या जागेत काहीही ठेवायला मनाई. लॉकर आहे, पण भारतवारीच्या बॅगांनी गच्च भरलेला. टायर बदलणारे गॅरेजवाले ठेवून घेतात, पण पैसे बरेच सांगतात. तिथे टायर हरवले किंवा खराब झाले तर जबाबदारी कोणाची? आणि टायर रिमवर (चाकाच्या धातूच्या चकतीवर) नाहीत, म्हणजे एकावर एक रचून नाही, उभेच ठेवायचे ना? बेडरूममध्ये रबराचा वास चालणार नाही, असं बायकोने आधीच बजावलंय. लावाल (Laval, मॉन्ट्रियलशेजारचं शहर) च्या बाजूला कोणाच्या अनुभवातली खात्रीची जागा आहे का?