सासूबाईंच्या ॲनेक्सवर कौन्सिल टॅक्स: निम्मी सूट की पूर्ण माफी?

प्रश्न
नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये मिडलंड्स भागात राहतो. गेल्या वर्षी गॅरेजच्या जागी सासूबाईंसाठी स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वेगळे दार असलेले ॲनेक्स करून घेतले; आता त्याला स्वतंत्र ‘ए’ बँड (कर ठरवण्यासाठीचा घराच्या किमतीचा सर्वांत खालचा गट) मिळून कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या घरपट्टीचे, दुसरे बिल आले आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना येथे कायम वास्तव्याची परवानगी आहे, मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी त्या पुण्याला दिरांकडे असतात. ५० टक्के सूट मागावी, की पूर्ण माफी मिळू शकेल?

उत्तर १
पूर्ण माफीच मागा. ‘क्लास डब्ल्यू’ या वर्गात अवलंबून असलेला नातेवाईक राहत असलेल्या ॲनेक्सवर कर लागत नाही. ‘अवलंबून’ या शब्दामुळे अनेकजण पेन्शन असलेल्या आईवडिलांसाठी अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. कायद्याच्या दृष्टीने वय ६५ च्या पुढे असणे एवढेच पुरेसे आहे, मिळकतीचा प्रश्न येत नाही. त्याहून लहान व्यक्तीस गंभीर मानसिक दुर्बलता किंवा कायमचे मोठे अपंगत्व असल्यासही माफी आहे. सासू-सून हे नातेही धरले जाते. मात्र ते त्यांचे एकमेव किंवा मुख्य घर असले पाहिजे आणि मुख्य घरात तुम्ही स्वतः राहत असला पाहिजेत. तीन महिन्यांच्या पुणे मुक्कामाने मुख्य घर बदलत नाही. जीपीकडील (फॅमिली डॉक्टरकडील) नोंदणी, बँकेची पत्रे असे पुरावे जवळ ठेवा.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे, पण हे वाचून इतरांचा गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. माझे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यांचे मुख्य घर नाशिकला असल्यामुळे आम्हाला ‘क्लास डब्ल्यू’ लागू होत नाही. ते नसताना मुलांचा अभ्यास आणि माझे काम त्याच खोल्यांत चालते, म्हणजे ॲनेक्स आमच्या राहत्या घराचाच भाग म्हणून वापरात आहे, आणि त्यासाठी १ एप्रिल २०१४ पासून इंग्लंडमध्ये ५० टक्के सूट आहे. ६५ च्या आतील, धडधाकट नातेवाईक तेथे कायम राहत असेल तरीही हीच सूट मिळते. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

उत्तर ३
ॲनेक्सच्या बांधकाम परवानगीचे पत्र आताच शोधून ठेवा. माझ्या आईच्या निधनानंतर आमची ‘क्लास डब्ल्यू’ची माफी संपली, परंतु ॲनेक्स मुख्य घरापासून वेगळे भाड्याने देऊ नये अशी अट त्या पत्रात होती, अशी अट असलेल्या रिकाम्या ॲनेक्सला ‘क्लास टी’खाली माफी मिळते, आणि दुःखाच्या त्या दिवसांत एक बिल तरी टळले. अर्ज नाकारला गेल्यास प्रथम कौन्सिलला लेखी हरकत कळवावी लागते. दोन महिन्यांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे (अशा करवादांचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) अपील करता येते. सासूबाई ॲनेक्समध्ये ज्या दिवशी राहायला आल्या, त्या दिवसापासूनची माफी अर्जात स्पष्ट शब्दांत मागा.